फिरत्या ढालीवरची कोरी पट्टी

मी एक जुनी फिरती ढाल आहे. मित्रांनो, ढाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच तलवारी, घोडे आणि धूळ उभी राहिली असेल. तसलं काही माझ्या नशिबी आलं नाही. माझ्यावर आजवर एकही वार झालेला नाही. फार तर बोरिवलीच्या एका घरात दात येणाऱ्या एका बाळाने माझी कड चावली होती, ती खूण अजून आहे. मी आहे बक्षिसाची ढाल. अंग सागवानी लाकडाचं, मधोमध पितळेचं उघडं पुस्तक आणि कडेने गोलाकार बसवलेल्या छोट्या छोट्या पितळी पट्ट्या. दर वर्षी जो जिंकेल त्याचं नाव एका पट्टीवर कोरायचं, त्याने मला वर्षभर घरी मिरवायचं आणि पुढच्या समारंभाआधी मुकाट्याने परत आणून द्यायचं, असा माझा शिरस्ता होता.

घाटकोपरच्या एका सुताराने मला घडवलं. एरवी तो देव्हारे करायचा. पॉलिश पेपरने माझी कड घासता घासता तो स्वतःशीच म्हणाला होता, "पुस्तकाला कशाला लागते ढाल?" मला तेव्हा तो प्रश्न फार उद्धट वाटला. आता वाटत नाही.

मला करून घेतलं मुलुंडच्या एका जुन्या ग्रंथालयाने. तिथल्या चार वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आलं की मुंबईवर ढीगभर पुस्तकं निघतात, पण ती सगळी दक्षिणेकडच्या मोठ्या इमारतींची. उपनगरांतली गावठाणं, विहिरी, दगडखाणी, मिठागरं, चाळी, वस्त्या यांचा इतिहास कोण छापणार? जे छोटे प्रकाशक पदराला खार लावून असली पुस्तकं काढतात त्यांची पाठ थोपटायला हवी. म्हणून त्यांनी उपनगरांच्या इतिहासावरच्या सर्वोत्तम पुस्तकाला पुरस्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि मी. त्यात शाळेच्या क्रीडास्पर्धांसारखा एक नियमही घातला. जो प्रकाशक सलग तीन वर्षं जिंकेल त्याच्याकडे ढाल कायमची राहील.

पहिली काही वर्षं माझी चंगळ होती. अंधेरीत मला काचेच्या कपाटात ठेवलं, पाहुणे आले की कपाटातला दिवा लावायचे. नंतर कौतुक ओसरलं. एका घरी मी टीव्हीच्या मागे पडले, एका घरी माळ्यावर दिवाळीच्या कंदिलांशेजारी. समारंभ जवळ आला की चिंच लावून मला घाईघाईने घासायचे आणि टॅक्सीत घालून मुलुंडला पोचवायचे. दर वर्षी नवं बिऱ्हाड, नव्या भिंती. खरं सांगते, मी कंटाळले होते. एखाद्या घरी कायमचा खिळा मिळावा असं मलाही वाटू लागलं होतं.

अशात मी सहदेवच्या हाती पडले.

सहदेवचा छोटासा छापखाना मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. वडील कोकणातून आलेले, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सहदेव शाळेत होता. दिवसा हा माणूस औषधांची खोकी छापतो आणि उरलेल्या वेळात स्वतः लिहून पुस्तकं काढतो. त्याची बायको सुलक्षणा संगणकावर मजकूर जुळवते, चित्रं बसवते. दोघांनी आपल्या प्रकाशनाचं नाव 'पागोळी' ठेवलं आहे. गाळा भाड्याचा आणि छपाईचं यंत्र दुसऱ्याने वापरून विकलेलं, त्यावर अजून जुन्या मालकाचं नाव आहे. सहदेवने मला कटिंग मशीनच्या वर टांगलं तेव्हा किती वेळ तरी तो खाली उभा राहून पाहत होता. "सुलू, आपल्या गाळ्यात पहिल्यांदाच काहीतरी झकास लागलं बघ," तो म्हणाला.

त्याची काम करायची एक रीत होती आणि ती मी दुसऱ्या कुठल्याही प्रकाशकाकडे पाहिली नाही. पुस्तक छापायला जाण्याआधी तो सगळी प्रुफं पिशवीत घालायचा आणि ज्या गावाचा तो इतिहास असेल त्या गावात जाऊन बसायचा. तिथल्या लोकांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन-चार रविवार जायचे. लोक मधेच अडवायचे, भांडायचे, एकमेकांना खोटं पाडायचे. सहदेव लाल पेन घेऊन खोडत बसायचा. ज्या पुस्तकामुळे मी त्याच्याकडे आले, त्या मरोळच्या पहिल्या पुस्तकालाही त्याने हेच केलं होतं. गोराईच्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तर तो मला टॉवेलात गुंडाळून होडीतून घेऊन गेला. हा माणूस टाइमपास करायला आलेला नाही हे लोकांना कळावं म्हणून. तिथे एका होडीच्या नावावरून दोन म्हाताऱ्यांची अशी जुंपली की वाचन बंद पडलं, आणि त्या भांडणातूनच पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण निघालं. ते पुस्तकही जिंकलं. माझ्यावर पागोळीच्या नावाची दुसरी पट्टी कोरली गेली.

मग सहदेवने तिसरं पुस्तक हाती घेतलं ते गोवंडीच्या एका वस्तीचं. खाडीच्या चिखलावर भरणी टाकून उभी राहिलेली ही वस्ती. मराठवाड्यातून दुष्काळात आलेली बौद्ध कुटुंबं तिथे पहिली राहायला आली. वस्तीत एक छोटं वाचनालय आहे, ते माधुरी नावाची बाई चालवते. तिची सासू द्रौपदीबाई म्हणजे वस्तीतल्या सगळ्यात जुन्या माणसांपैकी एक. सहदेव पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हाही मी त्याच्या काखेत होते.

द्रौपदीबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि बोटांनी चाचपत राहिल्या. मला इतकं सावकाश कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"ह्या गुळगुळीत पट्ट्या कशाच्या, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षांच्या, आई. नावं कोरायच्या बाकी आहेत अजून."

"आमचीबी लई नावं कोरायची बाकी हायेत," त्या हसून म्हणाल्या. "सांगते. पर एका बैठकीत व्हायचं न्हाई. तू येत ऱ्हा. गयाबाईलाबी बोलावते, तिला समद्यांची नावं पाठ हायेत. आन हे बघ, मला दिसत न्हाई. छापायच्या आधी वाचून दाखवशील ना?"

"न वाचता मी छापतच नाही," सहदेव म्हणाला. त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या वेळी तो खोटं बोलत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

पण मित्रांनो, दोन पट्ट्यांनी त्याच्या डोक्यात घर केलं होतं. आणखी एक, की ढाल कायमची. खोक्यांचं काम त्या वर्षी वाढलं, रविवार त्यातच जाऊ लागले, आणि पुरस्कारासाठी पुस्तकं पाठवायची शेवटची तारीख जवळ येत चालली. गोवंडीला दुसऱ्यांदा जाणं आज-उद्या करत राहून गेलं. तेवढ्यात त्याला कुणीतरी तिथल्या एका जुन्या पुढाऱ्याच्या मुलाचा नंबर दिला. तो गृहस्थ वातानुकूलित कार्यालयात बसून एका दुपारीत सगळं सांगून मोकळा झाला. वडिलांचे फोटोही त्याने फोनवर पाठवले. सहदेवने तेच घेतलं.

प्रुफं निघाली त्या दिवशी सुलक्षणा हात बांधून त्याच्यासमोर उभी राहिली. ती चिडली की मालवणीवर येते.

"वाचून दाखवल्याबिगर छापूचा नाय, असा तुमीच सांगत होतात मां?"

"अगं, तारीख निघून जाईल. यंदा हुकलं तर परत पहिल्यापासून तीन वर्षं. एकदा ढाल घरात आली की निवांत जाऊन वाचतो ना. पुस्तक काय पळून जातंय?"

"पुस्तक खंय जातला? माणसां जातत."

सहदेवने यंत्र सुरू केलं. पुस्तक दिसायला देखणं झालं होतं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर खाडीवरचा सूर्यास्त, पाठीमागे मोठ्या लोकांचे चार शब्द. परीक्षकांनी ते उचलून धरलं. मुलुंडच्या सभागृहात टाळ्या पडल्या, पागोळीच्या नावाची तिसरी पट्टी कोरली गेली आणि मी कायमची सहदेवची झाले. त्या रात्री त्याने माझ्यासाठी भिंतीत नवा, जाडजूड खिळा ठोकला. मीही सुखावले होते. हवं होतं तेच घर मला मिळालं होतं.

वस्तीला ही बातमी पेपरातून कळली. आपल्या वस्तीवर पुस्तक आलं आणि त्याला बक्षीसही मिळालं, म्हणून तिथे कोण आनंद झाला. माधुरीने सहदेवला सत्काराला बोलावलं. पुस्तक वस्तीत अजून कुणी पाहिलं नव्हतं. सहदेवने सुतळीने बांधलेला प्रतींचा गठ्ठा घेतला, मला टॉवेलात गुंडाळलं आणि सुलक्षणाला घेऊन तो गोवंडीला गेला.

वाचनालयाची खोली माणसांनी भरून गेली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली होती. मला टेबलावर, पुष्पगुच्छाशेजारी उभं केलं. अगदी समोर खुर्चीत द्रौपदीबाई बसल्या होत्या, इस्त्री केलेल्या पांढऱ्या साडीत, हात मांडीवर. शेजारची खुर्ची रिकामी होती. ती गयाबाईंची. त्या हिवाळ्यात वारल्या, हे सहदेवला तिथे बसल्यावर कळलं.

शाल पांघरून झाली. मग माधुरी म्हणाली, "आता भाषण नको. सासूबाई किती दिवसांपासून वाट बघतायत. सहदेवभाऊ, भरणीचं प्रकरण वाचून दाखवा."

सहदेवने पुस्तक उघडलं. मी अगदी त्याच्या हाताशी होते, मला पान दिसत होतं.

"'त्या काळी इथे गुडघाभर चिखल होता. भरती आली की खाडीचं पाणी झोपड्यांत शिरत असे.'"

"बराबर," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"'अशा वेळी वस्तीच्या मदतीला एक तडफदार पुढारी धावून आले. त्यांनी ट्रकमागून ट्रक भराव आणवला आणि ही दलदल राहण्याजोगी केली.'"

खोलीत चुळबुळ झाली. द्रौपदीबाईंनी मान वर केली. "बरं. मंग?"

"'पुढे वस्तीत पाण्याचा नळ आला...'"

"आमचं फुडच्या पानावर असंल."

सहदेवने पान उलटलं. तिथे विजेच्या खांबांची गोष्ट होती आणि त्या पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो होता.

"पान चिकटलंय का बघ, भाऊ," द्रौपदीबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "नव्या पुस्तकाची पानं चिकटतात."

सहदेवने अंगठा ओला केला आणि न चिकटलेली पानं सोडवल्यासारखी केली. मला त्याची दया आली आणि रागही आला. मग त्याने डोळे पुस्तकावरच ठेवून, नुसत्या अंदाजाने, वाचताना काढतात तसाच आवाज काढून म्हटलं, "'या कामात वस्तीतल्या बायकांनीही फार कष्ट घेतले. द्रौपदीबाईंनी डोक्यावरून घमेली वाहिली.'"

पानावर यातलं एक अक्षरही नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माधुरीची नजर त्याच पानावर होती. तिने मान खाली घातली.

द्रौपदीबाईंनी हात हलवला. "माझं ऱ्हाऊ दे रे. चंपाचं वाच."

"कोण चंपा?"

हे त्याच्या तोंडून निसटून गेलं. परत घ्यायला आता काही उपाय नव्हता.

द्रौपदीबाई बोलू लागल्या, पण सहदेवशी नाही, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. "आम्ही बाया दिसभर बिगारी करायचो आन सांजच्याला घमेली घ्यायचो. पडक्या इमारतींचा राडा कुठं पडलाय बघायचा आन डोक्यावर वाहून आणायचा. ट्रक मागनं आले, जमीन झाल्यावर. चंपाच्या पायात गंजका खिळा घुसला. धनुर्वात झाला. आठवडा न्हाई निघाला. ती जिथं पडली तिथंच आम्ही ही खोली बांधली, म्हनलं, पोरं इथं शिकतील." मग त्यांनी तोंड सहदेवकडे वळवलं. "मंग हे पुस्तक कोणाचं हाय, भाऊ?"

सहदेव म्हणाला, "मी परत आलो नाही, आई. मी विचारलंच नाही." एवढंच बोलून तो खाली बसला. अंगावरची शाल त्याने काढून घडी करून टेबलावर ठेवली. सुलक्षणा पदराने डोळे पुसत होती.

माधुरीने सुतळी न सोडलेला गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. "भाऊ, ही पुस्तकं घेऊन जा. इथं पोरं खरं समजून वाचतील."

आम्ही मरोळला परतलो. सहदेवने मला त्या नव्या खिळ्यावर टांगलं नाही. भिंतीकडे तोंड करून जमिनीवर टेकवून ठेवलं. कागदाची धूळ माझ्यावर साचू लागली, पितळ काळवंडलं, आणि कुणी चिंच लावायला आलं नाही. एकदा तो मला परत करायला मुलुंडला घेऊन गेला. तिथले कार्यवाह कावरेबावरे झाले. "अहो, परत घ्यायची नियमात सोयच नाही. आणि नवीन ढाल करायला टाकलीय आम्ही." जी सगळ्यांना परत हवी असायची ती मी आता कुणालाच नको होते. फार जड गेलं मला ते.

पण दर रविवारी सहदेव गोवंडीला जाऊ लागला. परत येऊन सुलक्षणाला सांगायचा त्यावरून मला कळायचं. पहिले कित्येक रविवार द्रौपदीबाई चंपाबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. रेशन, गुडघेदुखी, कचऱ्याच्या डम्पिंगचा धूर, सगळं बोलायच्या, तेवढं सोडून. त्याने पेन काढलं की म्हणायच्या, "ते खिशात ठेव." तरी तो जात राहिला. एका रविवारी त्यांनी आपण होऊन विचारलं, "ती ढाल कुठंय रे? त्या गुळगुळीत पट्ट्यांची?"

"गाळ्यात पडलीय, आई."

"घेऊन ये. पर आधी तुझं नाव काढ तिच्यावरनं."

सहदेवने त्याच संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेतला. पागोळीच्या पहिल्या दोन पट्ट्यांना त्याने हात लावला नाही, कारण ती पुस्तकं खरी होती. तिसरी पट्टी काढली आणि तिच्या जागी नवी, कोरी बसवली. मला वाटलं होतं दुखेल. हलकं वाटलं.

आता मी वाचनालयात असते, दाराशेजारी, खाली, द्रौपदीबाईंचा हात पोचेल अशा उंचीवर. माझ्या कोऱ्या पट्ट्या एकेक करून भरत आल्या आहेत. पागोळीच्या तिसऱ्या पट्टीच्या जागी चंपा आहे. मग भरणी वाहणाऱ्या बाकीच्या बायका. एकेक नाव द्रौपदीबाईंना आठवायला कधी आठवडा लागतो, कधी महिना. गयाबाई असत्या तर एका बैठकीत झालं असतं, असं त्या दर वेळी म्हणतात आणि दर वेळी सहदेव खाली पाहतो. पुस्तक तो पुन्हा लिहितोय. प्रत्येक पान आधी इथे वाचलं जातं, आणि वस्ती त्यावर मनसोक्त भांडते.

एक पट्टी मात्र अजून कोरी आहे. एक बाई होती, कडेवर पोर घेऊन घमेलं वाहायची. तिला सगळे 'लवूची आई' म्हणायचे. तिचं स्वतःचं नाव कुणालाच सांगता येत नाही. लवू कुठे गेला तेही ठाऊक नाही. माधुरी म्हणाली, "सासूबाई, 'लवूची आई' असंच कोरून टाकू ना."

"न्हाई," द्रौपदीबाई म्हणाल्या. "तिला नाव व्हतं. तिनं मला सांगितलं व्हतं. मीच इसरले. ऱ्हाऊ दे कोरी. आठवलं की सांगते."

मित्रांनो, मला घासून लख्ख करू नका, त्याची मला आता हौस नाही. तुमच्या गल्लीत कुणी म्हातारी दारात बसलेली असेल तर तिच्याशेजारी जाऊन बसा आणि तिला नावं विचारा. लोकांची नव्हे, आधी तिचं स्वतःचं. आणि विचारायचं ते आजच विचारा.

रोज संध्याकाळी द्रौपदीबाई भिंत धरत येतात आणि माझ्यावरून बोटं फिरवतात. चंपापाशी क्षणभर थांबतात. पुढच्या सगळ्या नावांवरून बोटं सरसर जातात, आणि त्या गुळगुळीत पट्टीवर येऊन थांबतात. त्यांचे ओठ हलू लागतात. मी लाकडाची आहे, तरी दर वेळी मी श्वास रोखून धरते. मग त्या मान हलवतात, पदर सावरतात आणि म्हणतात, "उद्या बघू."